मधला पेला

त्या घरात पाहुण्याला पाणी कोण देतं, याला फार महत्त्व होतं. धाकटी सून आल्यागेल्याला चहा देई, बिस्किटं देई, गप्पाही देई. पण समोरच्या खोलीत कोणी नाणं घेऊन बसलेलं असलं, की पाण्याचा पेला न्यायचा तो थोरल्या सुनेनंच. धाकटीनं लग्नानंतर नव्या नवलाईनं एकदा नेला होता. तेव्हा आबा, म्हणजे दोघींचे सासरे, असे काही कडाडले की गिऱ्हाईकच घाबरलं आणि नाणं खिशात घालून उठलं.

"पाणीच होतं ना ते? विष तर नव्हतं घातलं," धाकटी स्वयंपाकघरात येऊन फणफणली.

पुढे धाकटीला सगळं कळलं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि घराबाहेर कोणालाच नाही, असं ते गुपित होतं. आबांना दिसत नव्हतं.

म्हणजे अगदी अंधार होता असं नाही. कडेकडेचं दिसे. दारात कोणी उभं राहिलेलं कळे, पडदा हललेला कळे. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलेलं. माणसाकडे बघितलं तर खांदे दिसत, चेहरा नाही. ताटाकडे बघितलं तर ताटाचा काठ. हे आता परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. आणि आबा तर होते जुन्या सोन्याच्या नाण्यांचे पारखी. गावात कोणाच्या कपाटात, कोणाच्या आजीच्या पेटीत सोन्याचं नाणं निघालं की लोक म्हणत, "आधी आबांना दाखवा." आबांनी खरं म्हटलं की ते खरं. मग सराफही हुज्जत घालत नसत.

आबांचं टेबल जुनं, रुंद. उजव्या हाताला नुसतं लाकूड, डाव्या हाताला चामड्याचं पॅड, मधे जाड काच. नाणं आलं की आबा ते तळहातावर घेत, बोटानं कड चाचपत, गिऱ्हाइकाच्या घराण्याची दोन वाक्यांत चौकशी करत आणि आत हाक मारत, "सूनबाई, जरा वजन करून आण." थोरली बशीत नाणं घेऊन आत जाई. परत येताना एका हातात बशी असे, दुसऱ्या हातात पाण्याचा स्टीलचा पेला. पेला उजवीकडे ठेवला तर नाणं खरं, डावीकडे ठेवला तर खोटं. सुरुवातीला आबा पाणी पिण्याच्या निमित्तानं हात पसरून पेला चाचपत. नंतर तेही लागेना. लाकडावर पेला टक्क वाजे, चामड्यावर वाजतच नसे. आबा मान हलवत आणि सांगत, "खरं आहे हो. जपून ठेवा." किंवा, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या आजोबांना कोणीतरी फसवलंय."

आणि क्वचित, वर्षातून एखाद्या वेळी, पेला मधे काचेवर येई. टिंग. मग आबा जरा थांबत आणि म्हणत, "नाणं खरं आहे. पण छळलेलं आहे."

हे छळणं नाना तऱ्हेचं असे. कोणी लिंबू लावून ब्रशनं घासलेलं, कोणी पॉलिशवाल्याकडे देऊन आरशासारखं करून आणलेलं. कोणी ते गळ्यात घालायला कडी झाळून, म्हणजे डाग देऊन, बसवून घेतलेली आणि पुढे विकताना कडी काढून जागा भरून टाकलेली. अशी नाणी खोटी नसतात, पण खऱ्यांच्या पंक्तीत त्यांना कोणी बसवून घेत नाही. त्यांचं पुढे काय करायचं हे आबा गिऱ्हाइकाला स्वतः समजावून सांगत आणि ते फार छान सांगत. मरणाची बातमी सांगायला घरोघर अशा माणसाला नेतात.

थोरलीची जागा म्हणजे कोठीची खोली. स्वयंपाकघराला लागून, खिडकी नसलेली. पिठाचे डबे, तेलाचे कॅन, गेल्या वर्षीची रद्दी, आणि त्यांच्या मधे एक बुटकं टेबल, त्यावर नाजूक तराजू, दिवा आणि भिंग. भिंगाची मूठ तिच्या अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झाली होती. दार लोटून घ्यायचं, कारण बाहेरून कोणी बघता कामा नये. उन्हाळ्यात दिव्याच्या उष्णतेनं कपाळावरचा घाम भिंगावर पडे. तो पदरानं पुसून ती पुन्हा डोळा लावी.

सुरुवात झाली ती एका दुपारपुरती. नवरा जाऊन थोडे महिने झाले होते, मुलगी शाळेत होती. आबांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता आणि बाहेर गिऱ्हाईक बसलेलं. आबा आत आले. "सूनबाई, तुझे डोळे दे जरा. कडेवर काय अक्षरं आहेत, वाच." तिनं वाचली. मग म्हणाले, "आता नाकाकडे बघ. राजाच्या नाकाकडे. झिजलंय?" "झिजलंय." "आणि केस?" "केस कोरे आहेत, एकेक दिसतोय." आबा हसले. "मग कोणीतरी मुद्दाम घासलंय. उंच ते आधी झिजतं, आणि केसही नाकाइतकेच उंच असतात. नाक झिजलं आणि केस शाबूत, असं माणसाचं होत नाही आणि नाण्याचंही होत नाही."

चष्मा दुरुस्त होऊन आला, पण उपयोग झाला नाही. ती दुपार मग संपलीच नाही.

आबांनी शिकवायला हात आखडता घेतला नाही, हे कबूल करायला हवं. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखी बारीक छिद्रं असतात, ठशानं पाडलेल्या खऱ्याचं अंग ताणलेलं असतं. मूळ झळाळी अक्षरांच्या सांदीकोपऱ्यांत लपून बसते, तिथे शोधायची. नाण्याला कधी कसोटीवर घासायचं नाही. एका सराफानं तसं सुचवलं तेव्हा आबा म्हणाले होते, "म्हाताऱ्याचं वय विचारायला त्याचा दात उपटता का हो तुम्ही?" अशी पाच-सात वर्षं गेल्यावर थोरलीला आबांना काही विचारावं लागेना. उलट आबाच कधी जेवताना विचारत, "काल ते घोड्याचं होतं, त्याचं शेपूट कसं होतं गं?" आणि ती सांगे. सांगताना दोघांचेही चेहरे उजळत. धाकटी म्हणे, "बाई गं, घरात दोन वेडे. शेपटावर जेवतात."

मुलगी मोठी झाली, परगावी नोकरीला लागली. ती फोनवर म्हणायची, "आई, तू ये माझ्याकडे." थोरली म्हणायची, "येते की. जरा आबांचं..." आणि वाक्य तिथेच राही. आबांचं काय, हे दोघींनाही ठाऊक होतं. ती चार दिवस गेली तर आबांची तब्येत बरी नाही असं सांगून लोकांना परत पाठवावं लागे. पाचव्या दिवशी दिराचा फोन येई, "वहिनी, तुमच्याशिवाय घर कसं ओकंओकं वाटतंय." आवाज असा गोड की रागावताही येऊ नये.

हा दीर म्हणजे धाकटीचा नवरा. आबांच्या कामाचे पैसे, फोन, लोकांची ऊठबस तो सांभाळी. माणूस वाईट नव्हता. बोलण्यात पटाईत, हसरा. त्याला नाण्यातलं ओ की ठो कळत नसे आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. "वहिनी आहेत ना," हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर.

भाजीबाजाराच्या मागच्या रस्त्यावर जुनं संग्रहालय होतं. थोरली भाजी आणायला गेली की कधीमधी तिथे डोकावे. वरच्या मजल्यावर नाण्यांची कपाटं होती आणि त्यापलीकडे एक खोली, नाणी तपासणाऱ्याची. तिथे बसणारे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून ती रिकामी होती. एकदा दार उघडं होतं म्हणून ती उंबऱ्याशी उभी राहिली. उत्तरेकडची मोठी खिडकी. सावलीचा, शांत, सारखा उजेड. नाणं बघायला देवानं मुद्दाम करून दिल्यासारखा. टेबलावर धूळ, टेबलामागे खुर्ची. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला नाणं बघून झालं की मान वर करून झाड बघता आलं असतं.

"कोण पाहिजे?" शिपायानं विचारलं.

"कोणी नाही. उजेड चांगला आहे," ती म्हणाली आणि भाजीची पिशवी सावरत निघून आली.

पण तो उजेड घरी बरोबर आला. कोठीत दिवा लावला की तिला आठवे. मुलीला तिनं सांगितलं, तर ती फोनवरच ओरडली. "आई, तूच कर ना अर्ज! तुझ्याइतकं कोणाला येतं?"

"मला येतं हे कोणाला ठाऊक आहे, सोने?"

"आबांना. त्यांनी एक शब्द टाकला की झालं."

खरंच होतं. एका शब्दाचं काम होतं. आणि तो शब्द टाकायची वेळ आपणहून चालत आली. संग्रहालयाच्या मुख्य बाईंचा आबांना फोन आला. फोन समोरच्या खोलीत, आबांचा आवाज मोठा, थोरली कोठीच्या दाराशी.

"हो हो, ओळखलं ना. बोला... जागा भरायची आहे? बरं... माझ्या हाताखाली तयार झालेलं कोणी?"

थोरलीनं हातातला डबा खाली ठेवला. झाकण वाजू नये म्हणून धरून ठेवलं.

आबा बराच वेळ गप्प होते. इतका वेळ, की पलीकडून बाईंनी "ऐकू येतंय ना?" असं विचारलं असावं.

"येतंय," आबा म्हणाले. "आहे. माझा धाकटा आहे. या तुम्ही, पारख करून बघा त्याची."

तिनं झाकण लावलं. मग पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. दुपारी आबा पलंगावर पडले होते तेव्हा ती आत जाऊन उभी राहिली. तिची चाहूल त्यांना कळलीच.

"राग आलाय तुला," ते म्हणाले.

"माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं. मग त्यांनी काय विचारलं असतं? किती वर्षं बघताय, कोणाकोणाची बघितलीत. मी काय सांगू? ज्यांनी ज्यांनी माझ्या शब्दावर नाणी घेतली, त्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळेल."

"पण ती नाणी खरीच आहेत ना, आबा? एक तरी चुकलंय का?"

"नाणी खरी आहेत गं." आबांनी डोळे मिटले. मिटले काय, उघडे काय, जवळपास सारखंच होतं, तरी मिटले. "मी खोटा ठरेन."

ती उभीच राहिली. हा माणूस तिला घालूनपाडून कधी बोलला नव्हता. नवरा गेल्यावर नातेवाईक जेव्हा हिचं आता काय करायचं म्हणून कुजबुजत होते, तेव्हा यानंच सगळ्यांदेखत सांगितलं होतं, ही इथेच राहील. तेव्हा तिला केवढा आधार वाटला होता. तेच वाक्य आता दाराला बाहेरून घातलेल्या कडीसारखं वाटत होतं.

"मग भाऊजी तिथे बसून काय करणार?" तिनं शेवटी विचारलं.

"नाणी घरी आणता येतील म्हणतो."

म्हणजे खिडकी त्याची, आणि कोठी तिची. आबांनंतरही.

दिरानं संध्याकाळी तेच अधिक गोड करून सांगितलं. "वहिनी, नेहमीसारखंच. तुम्ही पेला ठेवा, मी बोलतो. उजवीकडे खरं, डावीकडे खोटं, मला काय माहीत नाही का? आपल्या घराचं नाव होईल!"

"आपल्या घराचं," थोरली म्हणाली.

रात्रीचं जेवण उरकून ओटा पुसताना धाकटी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. ही धाकटी तोंडानं फटकळ होती, पण डोळे तिचे जागेवर होते.

"जाऊबाई, एक सांगू? त्या दिवशी पेला चुकवा."

"काय?"

"चुकवा म्हणते. खरं असेल तर डावीकडे ठेवा. आमचे हे तोंडावर आपटतील. आपटू देत, थोबाड जाड आहे त्यांचं, काही होत नाही. मग बाई विचारतील, दुसरं कोणी आहे का? मग आबांना नाव घ्यावंच लागेल."

"तुझ्या नवऱ्याची फजिती होईल."

"अहो, रोज होते. मी बघते ना."

थोरलीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. मग ती ओटा पुसत राहिली, पुसून झालेली जागाही पुसत राहिली. पण मनाशी तिनं ठरवलं. एकदाच, एका नाण्यापुरतं. एका दुपारपुरतं जे सुरू झालं होतं ते एका दुपारीच संपवायचं.

संग्रहालयाच्या बाई आल्या त्या साध्या सुती साडीत, हातात कापडी पिशवी. बोलायला मोकळ्या. आबांच्या पाया पडायला वाकल्या तर आबा म्हणाले, "अहो असू दे, असू दे," आणि त्यांच्या खांद्याकडे बघून हसले. आबा भिंतीकडच्या पलंगावर बसले होते. टेबलामागच्या खुर्चीत आज दीर. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. तो सारखा पेन उघडत होता आणि मिटत होता. धाकटी दारातून बघत होती, जणू नाटकाला आली होती.

बाईंनी पिशवीतून मखमलीची डबी काढली. "हे एकांनी आम्हाला देणगी दिलंय. तुमचं मत हवं."

दिरानं नाणं तळहातावर घेतलं, आबा घेत तसं. बोटानं कड चाचपली, आबा चाचपत तशी. "वा," म्हणाला. मग आत हाक मारली, "वहिनी, जरा वजन करून आणता का?"

कोठीचं दार लोटून थोरलीनं दिवा लावला. नाणं बशीतून उचलून भिंगाखाली धरलं आणि क्षणभर तिला आपण कशासाठी आत आलो होतो याचा विसर पडला.

एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. वजन बरोबर. अंग ताणलेलं, कुठे छिद्र नाही. हे ठशानं पाडलेलं होतं आणि जोरकस हातानं पाडलेलं होतं. राणीच्या कानामागे, केसांच्या वळणात मूळ झळाळी अजून जागी होती, पहाटे घरातल्या एकाच खोलीत दिवा असावा तशी. नाक किंचित झिजलेलं, गाल त्याहून किंचित कमी, सगळं जसं असायला हवं तसं. घोड्याच्या मानेवर ठशाला गेलेल्या तड्याची बारीक रेघ. ती रेघ खोटं करणाऱ्याला सुचत नाही. नाणं खरं होतं, शंकाच नको.

मग तिनं ते कडेवर उभं केलं आणि फिरवत नेलं. कडेचे दाते सारखे, सारखे, सारखे. राणीच्या डोक्याच्या बरोबर वर ते थोडे बावचळले. एखाद्या मुलानं दुसऱ्याचं बघून लिहावं तसे दाते. तिथलं सोनं नखभर जास्त तांबूस. भिंग आणखी जवळ नेलं. इथे कडी होती. कोणीतरी झाळली होती, कोणाच्या तरी गळ्यात हे नाणं राणीची बाजू बाहेर करून वर्षानुवर्षं लोंबलं होतं, कारण मागची बाजू कपड्याला लागून लागून घोडेस्वाराचा गुडघा गुळगुळीत झाला होता. पुढे कधीतरी कडी उपटली, जागा भरली, दाते कोरले. काम फार सफाईचं होतं. चांगल्या चांगल्यांना दिसलं नसतं.

बाहेर दिराचा आवाज येत होता. तो बाईंना हवामानाबद्दल सांगत होता.

थोरलीनं पेल्यात पाणी ओतलं. पेला हातात घेतला आणि तिला आठवलं, आज डावीकडे. एकदाच. तिनं मनातल्या मनात ते म्हणून बघितलं. डावीकडे, म्हणजे हे नाणं खोटं. ही राणी खोटी, हा तडा खोटा, ही कानामागची झळाळी खोटी. तिचा हात जागीच राहिला. दिराबद्दल खोटं बोलायला तिची काहीच हरकत नव्हती. आबांबद्दल तर ती इतकी वर्षं रोजच खोटं बोलत होती. पण नाण्याबद्दल ती आजवर एकदाही खोटं बोलली नव्हती. साऱ्या आयुष्यात तिचं असं म्हणण्यासारखं तेवढंच होतं.

ती बाहेर आली. बशी दिरापुढे ठेवली. पेल्याचा हात टेबलावर आला, डावीकडच्या चामड्याच्या वर जरा रेंगाळला. दारात धाकटीनं श्वास रोखला. आणि मग पेला मधे, काचेवर ठेवला गेला.

टिंग.

दिरानं पेल्याकडे बघितलं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा पेल्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. मधे ठेवलेला पेला त्यानं आजवर बघितला नसेल असं नाही, पण अशी नाणी आबाच हाताळत, त्याला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्याला वाटलं, वहिनींनी बिचाऱ्यांनी पाणी पिण्यासाठीच ठेवलंय. त्यानं पेला उचलला आणि घटाघट पिऊन टाकला.

धाकटीनं पदर तोंडाला लावला.

रिकामा पेला हातात घेऊन दीर बसला. आता ठेवायचा कुठे, हेही त्याला कळेना. शेवटी तो मांडीवर धरून म्हणाला, "अस्सल. एकदम अस्सल आहे, बाई. नंबर एक."

"आणि अवस्था?" बाईंनी विचारलं. "मूळचं जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं! हात लावलेला नाही कोणी."

बाईंनी मखमलीची डबी जवळ ओढली. नाण्याची हकीकत त्यांना ठाऊक असणार, हे थोरलीनं त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्यांच्या नजरेत निराशा होती, सभ्य माणसाची निराशा, उठायचं निमित्त शोधणारी. थोरली तिथेच उभी होती, रिकाम्या हातांनी. तिच्या छातीत काहीतरी हलकं हलकं होत होतं. ती खोटं बोलली नव्हती. तिनं नाण्याचं जे होतं तेच सांगितलं होतं, आणि ज्याला ते वाचता आलं नाही तो आता पडत होता. असंही होऊ शकतं, हे तिला सुचलंच नव्हतं. आता बाई विचारतील, दुसरं कोणी आहे का. ती उत्तरेची खिडकी तिला स्पष्ट दिसली, बाहेरच्या झाडासकट.

"त्याला कडी होती," पलंगावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. आबा भिंतीला टेकून बसले होते, डोळे समोरच्या कोऱ्या भिंतीवर.

"नाणं खरं आहे," ते सावकाश म्हणाले. "पण छळलेलं आहे. गळ्यात घातलं असेल कोणी. नसेल तर घासलं असेल. पण कडीच असावी. धुतलेलं असतं तर तुम्ही एवढं मखमलीत आणलं नसतंत. कड बघा, वरच्या अंगाला."

बाई उठूनच उभ्या राहिल्या. "आबा! तुम्ही तर हातातसुद्धा घेतलं नाहीत!"

"हातात काय घ्यायचं," आबा म्हणाले. "इतकी वर्षं झाली. ऐकू येतं."

बाईंनी दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांना आयुष्यभर सांगत राहण्यासारखी गोष्ट मिळाली होती. मग सगळं भराभर झालं. दीर म्हणाला, "मी तुमची गंमत करत होतो, बाई, आबा बोलतायत का बघत होतो," आणि ती थाप इतकी वेळेवर आणि इतकी हसतमुखानं आली की बाई हसल्या. ठरलं असं, की खुर्ची दिराची, पण अवघड नाणी घरी यायची, आबांच्या कानाखालून जायची. "हे कान आहेत तोवर आम्हाला चिंता नाही," बाई जाताना म्हणाल्या. थोरलीकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमच्या घरचं पाणी छान गार आहे हो."

पाणी प्यायला त्यांना कोणी दिलंच नव्हतं. थोरली म्हणाली, "या पुन्हा."

सगळे पांगल्यावर ती पलंगापाशी गेली. आबा तिची वाटच बघत होते.

"बोलला नसतात तर चाललं नसतं, आबा?"

"चाललं असतं," आबा म्हणाले. "तू डावीकडे ठेवला असतास ना, तर मी गप्पच बसणार होतो. मनाची तयारी केली होती. धाकटीची कुजबूज मला ऐकू येत नाही असं वाटतं का तुम्हाला?" ते थोडे थांबले. "का नाही ठेवलास गं?"

ती पलंगावरची चादर सारखी करू लागली.

"बघ," आबा म्हणाले. "मग माझ्या कानावर खरं पडल्यावर मी तरी ते नाणं तसं कसं जाऊ देऊ? चुकीचं लेबल लागून कपाटात बसलं असतं बिचारं."

त्यांचा हात पुढे आला, हवेत चाचपत, आणि तिच्या मनगटाला लागला. तिनं तो झटकला नाही, धरलाही नाही. तिला हेच शिकवलं होतं यांनी, आणि ती हेच शिकली होती. दोघांपैकी एक जरी कच्चं निघालं असतं, तरी ती आज सुटली असती.

पुढच्या आठवड्यात दीर कोठीत एक नवा दिवा घेऊन आला. लांब मानेचा, पांढऱ्या उजेडाचा. स्वतः स्टुलावर चढून बसवून दिला. "बघा वहिनी, दुकानदार म्हणाला, अगदी उत्तरेच्या खिडकीसारखा उजेड!" त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो मनापासून खूश होता. संग्रहालयाची पहिली पेटी पिठाच्या डब्यावर येऊन बसली होती.

मग तो स्टुलावर बसला, जरा ओशाळला आणि म्हणाला, "वहिनी, एकदा नीट सांगून ठेवा बघू. उजवीकडे खरं. डावीकडे खोटं. आणि मधे?"

दारात धाकटी येऊन उभी राहिली होती. ती थोरलीकडे बघत होती. थोरलीनं दिवा लावला. उजेड खरंच चांगला होता. तिनं भिंग पदराला पुसलं, पेटी पुढे ओढली.

"मधे ठेवलेलं पाणी," ती म्हणाली, "प्यायचं नसतं, भाऊजी."